सनद मिळाली, विद्या संपली नाही



आपल्या समाजात ‘बॅरिस्टर’ हा शब्द आजही आदराने उच्चारला जातो. सोमेश्वरनगरचा एखादा मुलगा काळा कोट घालून बारामतीच्या न्यायालयात उभा राहिला, की आईवडिलांना कष्टाचे चीज झाल्यासारखे वाटते. हा आनंद रास्तच आहे. परंतु सनद मिळाली म्हणजे शिक्षण संपले, ही समजूत घातक आहे.

अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थापकांपैकी एक, बद्रुद्दीन तय्यबजी यांचे चरित्र पाहा. १८६० साली ते शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. डोळ्यांच्या विकारामुळे मध्येच परतावे लागले. तरीही पुन्हा जाऊन १८६७ साली ते बॅरिस्टर झाले आणि मुंबई उच्च न्यायालयातील पहिले हिंदी बॅरिस्टर ठरले. पुढे पाचच वर्षांनी, १८७२ साली, आपल्या देशात पुराव्याचा कायदा आणि कराराचा कायदा आला. लंडनच्या अभ्यासात हे कायदे असणे शक्यच नव्हते. ते वकिली करता करताच शिकायचे होते. १८९५ साली ते न्यायमूर्ती झाले. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना जामीन दिला तो त्यांनीच.

ज्या इंग्लंडने त्यांना ही पदवी दिली, तेथे पुढे अनुभवी बॅरिस्टरांनाही वर्षाला १२ तास शिक्षण सक्तीचे झाले. २०१७ पासून तासांची अट गेली. आता वर्षभरात काय शिकणार हे त्यांनी आधी ठरवावे, शिकल्याची नोंद ठेवावी आणि काय साधले ते स्वतः तपासावे, असा नियम आहे.

आपल्याकडे २०१० पासून नव्या वकिलांसाठी अखिल भारतीय परीक्षा आली. पण ती एकदाच. पुढचे ज्याच्या त्याच्या विवेकावर. आणि कायदा तर थांबत नाही! १ जुलै २०२४ रोजी १८६० ची दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता लागू झाली. ५११ कलमांच्या जागी ३५८ आली. पोराबाळांनाही ठाऊक असलेले खुनाचे कलम ३०२ आता १०३ झाले. त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्याला जुना कायदा, नंतरच्या गुन्ह्याला नवा. वकिलाला दोन्ही आले पाहिजेत. त्याने पुस्तक उघडले नाही, तर शिक्षा कोणाला? दागिना मोडून फी भरणाऱ्या आईच्या कोठडीतल्या मुलाला!

म्हणून पालकहो, मुलाला पदवी मिळाली की पेढे जरूर वाटा, पण दरवर्षी एकदा विचारा, “बाळा, यंदा नवीन काय शिकलास?” आणि विद्यार्थी मित्रांनो, या प्रश्नाचे उत्तर आजपासूनच तयार ठेवा.