चार विसा

फ्रेंचमधून मराठीत भाषांतर करताना ऐंशी आले की मी दर वेळी जराशी अडते. फ्रान्समधला माणूस ऐंशीला ‘चार वीस’ म्हणतो. संताळीत तेच ‘पोन इसी’. पोन म्हणजे चार, इसी म्हणजे वीस. बंगालीत विसाला आजही सर्रास ‘कुडि’ म्हणतात, आपली ‘कोडी’ही विसांचीच. माझी आजी पैसे मोजताना ‘चार विसा’ म्हणायची. मी मात्र मुकाट्याने ‘ऐंशी’ लिहून पुढे जाते. ८० हा आकडा तर सगळ्यांचा सारखाच. मग यात हरवलं काय?

अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर काक्तोविक नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या शाळकरी मुलांनी १९९४च्या सुमारास याच प्रश्नाला हात घातला. त्यांच्या इन्युपियाक भाषेत मोजणी विसांची, आणि विसांच्या आत पाचांची. पाचाचा शब्द हाताशी नातं सांगतो. विसाचा शब्द म्हणजे अख्खा माणूस, हातापायांच्या सगळ्या बोटांसकट. पण शाळेतलं गणित इंग्रजीत आणि दहांचं. घरची मोजणी मागे पडत चालली होती.

ही मोजणी लिहायची तर दहा चिन्हं पुरत नाहीत, वीस लागतात, हे मुलांच्या लक्षात आलं. आधी त्यांनी नेहमीच्या आकड्यांना दहा नवी चिन्हं जोडून पाहिली; ती लक्षात राहीनात. मग नऊ मुलांनी, शिक्षक विल्यम बार्टली यांच्या सोबतीने, वीसच्या वीस चिन्हं नव्याने घडवली. एक ते चार यांना तितक्या उभ्या रेघा, एकीला एक जोडलेल्या. पाचाला वर एक आडवी रेघ, दहाला दोन, पंधराला तीन. शून्याला एकमेकांवर ओलांडलेले हात: मोजायला काही नाही.

आता ऐंशी लिहा. चाराचं चिन्ह, पुढे शून्य. तोंडात जे ‘चार विसा’, तेच कागदावर. चारशे म्हणजे वीस विसा, म्हणून एकावर दोन शून्यं. १९९४ म्हणजे चार चारशे, एकोणीस विसा आणि वर चौदा. तीन चिन्हांत काम झालं. शेवटच्या चिन्हात उभी रेघ नसेल तर संख्येला पाचाने भाग जातो, हे नुसतं पाहूनच कळतं. बेरजेत रेघा एकत्र करायच्या: पाच उभ्या झाल्या की एक आडवी, चार आडव्या झाल्या की डावीकडच्या घरात हातचा एक.

मध्य अमेरिकेतल्या मायांनी कित्येक शतकं आधी ठिपका, आडवी रेघ आणि शंखासारखं शून्य वापरून विसांचं लेखन केलं होतं. त्यांच्यामागे राजे होते, पंचांगकर्ते होते. इथे एका शाळेतली मुलं होती. तरीही १९९८ साली इन्युइट सर्कम्पोलर कौन्सिलने या आकड्यांची शिफारस केली आणि २०२२ साली ते युनिकोडमध्ये आले.

आकडे भाषेच्या पलीकडचे असतात, असं आपण भाषांतरकार धरूनच चालतो. पण घरी ‘पोन इसी’ शिकलेलं मूल फळ्यावर ८० वाचतं, तेव्हा त्याला आधी एक भाषांतर करावं लागतं, आणि गणित त्यानंतर सुरू होतं. वर्गातल्या इतर मुलांना हे दिसतही नाही. काक्तोविकच्या मुलांनी तेवढं एक भाषांतर वाचवलं.

पुढच्या वेळी एखाद्या फ्रेंच म्हातारीच्या तोंडी ऐंशी आले, तर मी ‘चार विसा’ लिहून बघणार आहे.