ऑपरेशनची तारीख आणि झहरावीची चांदीची नळी

ऑपरेशनची तारीख मिळाली आहे. बायोप्सीनंतर लगेच ऑपरेशन करत नाहीत. सुया टोचलेल्या जागेची सूज उतरू देतात, म्हणून मला सहा आठवडे थांबायला सांगितलं. प्रोस्टेटचा कॅन्सर अजून ग्रंथीच्या आतच आहे, घाई नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यांना घाई नसेल. मी रोज फजरनंतर कॅलेंडरपुढे उभा राहतो.

डॉक्टरांनी वीस मिनिटं सगळं नीट समजावलं. मला विचारायचं होतं ते मात्र माझ्या तोंडून निघालंच नाही. ऑपरेशननंतर लघवीवर ताबा राहील का, आणि नाही राहिला तर माझ्या नमाजचं काय? घरी येऊन मी पुस्तकं काढली. उभी हयात इतिहास शिकवण्यात गेली, त्यामुळे भीती वाटली की मी तिकडेच पळतो.

आधी अब्बांचं सांगतो. शेवटच्या दोन वर्षांत त्यांनी मशिदीत जाणं सोडलं होतं. जुम्यालाही जात नसत. आम्हाला वाटायचं गुडघे दुखत असतील. अम्मी म्हणायची, कमिटीतल्या भांडणाचा राग धरलाय. कंबर धरून अंथरुणाला खिळले तेव्हा दवाखान्यात नेलं. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पोचला होता. ते गेल्यावर कपाटामागे एक गाठोडं सापडलं. जुन्या लुंग्या फाडून घातलेल्या घड्या, धुऊन वाळवलेल्या. किती दिवस ते एकट्यानं त्या धूत होते, कुणास ठाऊक. घरात कुणालाही कळलं नाही.

आणि हा शरमेचा विषय आपल्याकडे हजार वर्षांपूर्वी किती मोकळेपणानं लिहिला गेला आहे! कोर्डोबाजवळच्या मदीनतुज्जहरा इथला अबुल कासिम अल्-झहरावी हा अंदलुसचा मोठा शल्यवैद्य. इ. स. १०००च्या सुमारास त्यानं ‘अत्-तसरीफ’ हा तीस भागांचा ग्रंथ पुरा केला. त्याचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेवर असून त्यात सुमारे दोनशे अवजारांच्या आकृत्या आहेत. लघवी अडलेल्या माणसासाठी चांदीची बारीक, गुळगुळीत नळी कशी करावी आणि ती आत कशी न्यावी, हे त्यात आहे. त्यानं तिला दिलेलं ‘कासातीर’ हे नाव ग्रीकमधून आलेलं. आजचा कॅथेटर तो हाच शब्द. बाराव्या शतकात तोलेदोला जेरार्ड ऑफ क्रेमोनानं हा भाग लॅटिनमध्ये नेला आणि पुढची काही शतकं युरोप त्यावरून शिकला.

मला त्याची अवजारं जितकी आवडली त्याहून त्याच्या प्रस्तावनेतली एक हकिकत जास्त आवडली. एका म्हाताऱ्याच्या मूत्राशयात मोठा खडा होता. झहरावीला बोलावलं. खड्याचा आकार आणि माणसाची अवस्था पाहून त्यानं हात लावला नाही. दुसऱ्या एका वैद्यानं धाडस केलं. खड्याबरोबर मूत्राशयाचा तुकडाही बाहेर आला आणि तीनेक दिवसांत म्हातारा गेला. शरीररचना न शिकता चाकू हातात घेणाऱ्यांवर झहरावीचा राग आहे, तो असा. ‘घाई नाही’ म्हणणाऱ्या माझ्या डॉक्टरांविषयी हे वाचून जरा बरं वाटलं.

मूत्राशयातल्या खड्यापर्यंत जाण्याची वाट तेव्हा एकच होती, मांड्यांमधल्या जागेतून. आपल्याकडे सुश्रुतानंही तीच सांगितली. प्रोस्टेटचा कॅन्सर काढणारे पहिले सर्जनही त्याच वाटेनं गेले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ७ एप्रिल १९०४ रोजी ह्यू हॅम्प्टन यंग यांनी पूर्ण ग्रंथी काढली. मदतीला विल्यम हॉल्स्टेड होते. कॅन्सर निघे, पण पुरुषत्व जवळपास नक्कीच जाई आणि अनेकांचा लघवीवरचा ताबाही. लैंगिक ताकदीच्या नसा नेमक्या कुठून जातात हे सर्जनना नीट माहीतच नव्हतं, आणि हे अज्ञान पुढं पंचाहत्तर वर्षं टिकलं. १९८१ साली हॉपकिन्सचेच पॅट्रिक वॉल्श हॉलंडमध्ये लायडेनला गेले असताना तिथले निवृत्त प्राध्यापक पीटर डोंकर मृत जन्मलेल्या अर्भकाच्या देहावर याच नसा शोधत होते. मोठ्या माणसाच्या चरबीत न दिसणारं तिथं स्पष्ट दिसलं. नसा ग्रंथीच्या आतून नव्हे, बाहेरच्या बाजूनं जात होत्या. त्या वाचवून केलेलं पहिलं ऑपरेशन वॉल्श यांनी २६ एप्रिल १९८२ला केलं. जगात एक श्वासही न घेतलेल्या त्या मुलांचं आम्हा म्हाताऱ्यांवर केवढं देणं आहे, हा विचार मनातून जात नाही.

पुढं रोबो आला. तो या ऑपरेशनसाठी रुळवणाऱ्यांत पाँडिचेरीच्या जिपमरमध्ये शिकलेले, डेट्रॉइटचे मणी मेनन हे मोठं नाव. माझं ऑपरेशन रोबोनंच होईल. त्याबद्दल मला फारसं काही वाटत नाही. मला काळजी नंतरची आहे.

नंतर आठ-दहा दिवस लघवीची नळी राहणार. ही अमेरिकेच्या फ्रेडरिक फोली यांची, टोकाला फुगा असलेली रबरी नळी. १९३०च्या दशकातली. फुगा आत फुगला की नळी निसटत नाही. नळी काढल्यावर गळती सुरू होते. बहुतेकांची काही आठवड्यांत वा महिन्यांत आटोक्यात येते, काहींना वर्ष लागतं.

शेवटी मी आमच्या मौलानांना गाठलं. मान खाली घालून विचारलं. त्यांनी मिनिटभरात उत्तर दिलं, कारण फिकहमध्ये हा प्रश्न बाराशे वर्षांपूर्वीच येऊन गेला आहे. सतत लघवी गळणारा माणूस ‘माजूर’. हजरत फातिमा बिन्त अबी हुबैश (रजि.) यांचा रक्तस्राव थांबत नव्हता. प्रेषितांनी (स.) त्यांना नमाज सोडायला सांगितलं नाही, प्रत्येक नमाजसाठी वजू करायला सांगितलं. त्यावरून इमामांनी गळतीचा नियम बसवला. हनफी मतानं एका वक्ताचा एक वजू, त्या वक्तात हव्या तेवढ्या नमाजा. मधे थेंब पडला तरी वजू तुटत नाही. माझी सासुरवाड दापोलीची, तिथले कोकणी मुसलमान शाफई. त्यांच्याकडे वक्त सुरू झाल्यावर स्वच्छता, घडी बांधणं, मग वजू, आणि प्रत्येक फर्जसाठी वेगळा. मौलानांनी आणखी एक सांगितलं. वही लिहून घेणारे आणि पुढं कुरआन एकत्र करणारे हजरत जैद बिन साबित (रजि.) यांनाही म्हातारपणी हाच त्रास होता. जमेल तेवढा इलाज करत, आवरेनासं झालं की वजू करून नमाज पढत.

हे अब्बांना कुणी सांगितलं असतं तर? पण त्यासाठी त्यांना विचारावं लागलं असतं.

सध्या मी अर्नॉल्ड केगल यांचा व्यायाम करतो. हे अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ. बाळंतपणानंतर गळती होणाऱ्या बायकांसाठी त्यांनी १९४८ साली हा लिहिला. लघवी रोखताना जे स्नायू आवळतात तेच आवळायचे, थोडं थांबायचं, सोडायचे. ऑपरेशनआधी शिकून ठेवायचे, नळी असताना करायचे नाहीत, ती निघाली की पुन्हा सुरू. बेगम हसली. तिला तिसऱ्या बाळंतपणात नर्सनं हेच सांगितलं होतं. तीस वर्षं एकाच घरात राहून मला त्याचा पत्ता नव्हता.

तपासणीच्या रांगेत शेजारी एक हमाल बसतो. आजार माझाच. ऑपरेशन सरकारी योजनेत होईल, पण सहा आठवडे ओझं उचलायचं नाही म्हटल्यावर तो तारीख पुढं ढकलतोय. कैरोत सुलतान कलावूननं १२८४ साली दवाखाना बांधला. त्याच्या वक्फनाम्यात रुग्णाच्या मुक्कामाला मुदत नव्हती, आणि बरा होऊन निघालेल्याला लगेच कामावर जावं लागू नये म्हणून पैसे आणि कपडे दिले जात, असं इतिहासकार सांगतात. आपल्याकडे वक्फ म्हटलं की दुकानांचं भाडं आणि कोर्टातल्या तारखा आठवतात. जुम्यानंतर कमिटीपुढे त्या हमालाच्या सहा आठवड्यांच्या मजुरीचा विषय काढणार आहे. उत्तर काय मिळेल याचा अंदाज आहे, तरी काढणार आहे.

परवा मेडिकलमधून मोठ्यांचे डायपर आणले. दुकानदारानं ते वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतले. असेच द्या म्हटलं. रस्त्यात दोघांनी विचारलं, दोघांना सांगितलं. ढिले लेंगे काढून ठेवलेत. बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून इसबगोल आणलाय. रोज मगरीबआधी तीन किलोमीटर चालतो.

बाप आणि भाऊ दोघांना हा कॅन्सर असला की उरलेल्या भावाचा धोका वाढतो, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. काल धाकट्याला फोन केला. आधी माझं सांगितलं, मग गाठोड्याचं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “भाईजान, रात्री मलाही चार वेळा उठावं लागतं.”

सोमवारी तो पीएसएसाठी रक्त द्यायला जाणार आहे. मी बरोबर जातोय.