आडवाटेच्या ट्रकचा पोलादी हौदा

खडकाळ ओढा ओलांडताना ट्रकचे पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक दगडांवर चढते, उरलेली दोन खड्ड्यात उतरतात. त्या क्षणी चासीच्या दोन लांब तुळया पिळल्या जातात. यात बिघाड काहीच नाही. शिडीसारखी चासी इतके लवचीकपण अंगी बाळगूनच घडवलेली असते. अडचण येते ती तिच्यावरच्या हौद्यामुळे. जाड पोलादाचा सपाट हौदा चासीला सर्वत्र घट्ट जखडला, की पीळ सामावायला जागा उरत नाही. मग वेल्डिंग उकलते, बोल्ट तुटतात किंवा केबिनच्या मागे चासीलाच तडा जातो. तोही बहुधा गॅरेजपासून फार दूर.

या प्रश्नाचे उत्तम उत्तर जर्मनीच्या युनिमॉग ट्रकमध्ये दिसते. १९५१ पासून डाइम्लर-बेंझने बनवलेल्या या वाहनाची चौकट पिळू दिली जाते आणि हौदा तीन बिंदूंवर तोलला जातो. तिवई उंचसखल जमिनीवरही डुगडुगत नाही, तेच हे तत्त्व. चार बिंदूंची शंकरपाळ्याच्या आकाराची मांडणीही करतात. तीत पुढचा व मागचा आधार मध्यरेषेवर, फिरत्या सांध्याचा असतो.

ऑस्ट्रेलियात टोयोटा लँड क्रूझर ७९ सारख्या पिकअपवर असे हौदे सर्रास चढवले जातात. तेथे सोपा मार्गही चालतो. हौद्याखालची उपचौकट मागे घट्ट बांधायची आणि पुढे स्प्रिंग घातलेल्या बोल्टने धरायची, म्हणजे पीळ पडताच ती किंचित उचलली जाते. उपचौकटीची पुढची टोके तिरकी कापतात, नाहीतर सारा ताण एकाच जागी एकवटतो. चासीच्या वरच्या-खालच्या पट्ट्यांना भोक पाडणे किंवा तेथे वेल्डिंग करणे हा तर अक्षम्य आळसच म्हणावा लागेल.

वजनाचा हिशेब आधी करावा. २.४ बाय १.८ मीटरचा ३ मिलिमीटर पत्रा सुमारे १०२ किलो भरतो, ५ मिलिमीटरचा १७० किलो. चौकोनी पाइप, फाळके, अवजारपेट्या वेगळ्याच. हे सारे वाहनाच्या भारक्षमतेतून वजा होते. भाराचा मध्य मागच्या आसाच्या पुढे हवा; दुहेरी केबिनच्या गाडीत तो सहज मागे सरकतो आणि पुढची चाके हलकी पडतात. हौद्याचा मागचा भाग आखूड ठेवला, तर चढाला लागताना तो जमिनीला घासत नाही.

जोडणी सपाट पृष्ठभागावर करतात. प्रथम केवळ टाके मारायचे, दोन्ही कर्ण सारखे भरले की आलटूनपालटून समोरासमोरच्या बाजू वेल्ड करायच्या. एकाच बाजूने सलग वेल्डिंग केल्यास उष्णतेने चौकट वाकते. पाइपांना खालून पाणी निचरण्याची भोके ठेवतात. गाडीवर वेल्डिंग करायची वेळ आलीच, तर बॅटरीची जोडणी आधी काढावी.

भारतात हा उद्योग करणाऱ्याने मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ वाचलेले बरे. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले.

हौदा बसला, की एक चाक उंच ओंडक्यावर चढवून केबिन व हौदा यांमधील फट आणि टायरवरची मोकळी जागा मोजतात. पहिल्या काही दिवसांच्या प्रवासानंतर सर्व बोल्ट पुन्हा आवळले जातात.