समरहिलची सभा आणि सिगारेट

इंग्लंडमधील सफोक परगण्यांत लेस्टन नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथील समरहिल या शाळेंत मुलांची आणि शिक्षकांची एकत्र सभा भरते. या सभेंत सहा वर्षांच्या मुलाला जेवढें एक मत, तेवढेंच एक मत मुख्याध्यापकांना. या सभेपुढें एकदां धूम्रपानाचा प्रश्न आला. त्या वेळीं मुख्याध्यापकांचा पराभव झाला, आणि त्या पराभवाची हकीकत पुढें त्यांनींच आपल्या ग्रंथांत नमूद करून ठेविली. आपला मुलगा चोरून सिगारेट ओढतो कीं काय, ही शंका ज्या आईबापांच्या मनाला कधीं चाटून गेली असेल, त्यांनीं ती हकीकत अवश्य ऐकावी.

मुलांच्या हातीं सिगारेट आली ती यंत्राच्या कृपेनें. पूर्वीं सिगारेट हातानें वळीत असत. त्यामुळें ती महाग पडे. ब्रिस्टलच्या विल्स कंपनीनें १८८३ सालीं बॉन्सॅकच्या यंत्राचे हक्क घेतले आणि भाव कोसळला. १८८८ सालीं निघालेल्या 'वुडबाइन' सिगारेटी एका पेनीला पांच मिळूं लागल्या. निरोप पोंचविणारा किंवा वर्तमानपत्रें विकणारा पोरही मग धुराचे लोट सोडीत रस्त्यानें हिंडूं लागला. पुढें बोअर युद्धाच्या वेळीं सैन्यांत भरती होण्यास आलेले पुष्कळ तरुण शरीरानें नालायक ठरले, तेव्हां सरकारचे डोळे उघडले. राष्ट्राच्या शारीरिक अवनतीची चौकशी करणाऱ्या समितीनें १९०४ सालीं अहवाल दिला. आणि १९०८ च्या बालविषयक कायद्यानें सोळा वर्षांखालील मुलाला सिगारेट विकणें हा गुन्हा ठरला. असा मुलगा रस्त्यांत ओढतांना दिसला, तर त्याच्याजवळची सिगारेट जप्त करण्याचा अधिकार गणवेषांतील पोलिसाला मिळाला.

कायदा झाला, शाळांत वेताची छडी तर पूर्वींपासूनच होती. परंतु कायद्याची नजर रस्त्यापुरती आणि छडीची नजर वर्गापुरती. शौचकूपाच्या दाराआड दोघांचेंही कांहीं चालत नसे.

अशा काळांत अलेक्झांडर सदरलंड नील हे शिक्षक तयार झाले. त्यांचा जन्म १८८३ चा, स्कॉटलंडमधील. वडील खेड्यांतील शाळामास्तर. त्यांच्याच हाताखालीं नील उमेदवारी करून शिकवावयास शिकले, आणि चामड्याच्या पट्ट्याचा धाक म्हणजे काय हें त्यांनीं तेथें पाहिलें. पुढें होमर लेन या अमेरिकन गृहस्थांनीं डॉर्सेटमध्यें चालविलेली 'लिटल कॉमनवेल्थ' ही संस्था त्यांच्या पाहण्यांत आली. १९१३ ते १९१८ एवढेंच तिचें आयुष्य. पण गुन्हेगार ठरलेलीं मुलेंमुली तेथें स्वतःचे नियम स्वतः करीत आणि न्यायही स्वतःच देत. तें पाहून नील यांच्या विचारांना निराळें वळण लागलें. १९२१ सालीं त्यांनीं जर्मनींत ड्रेस्डेनजवळ काम आरंभिलें, १९२४ मध्यें तें इंग्लंडांत लाइम रिजिस येथें आणलें, आणि १९२७ पासून लेस्टन हेंच समरहिलचें गांव झालें.

त्यांची रीत कशी होती, हें एका प्रसंगावरून कळतें. पूर्वींच्या शाळेंतून हांकलून दिलेला एक पंधरा वर्षांचा मुलगा त्यांच्यापुढें येऊन बसला. नील यांनीं त्याच्यापुढें सिगारेट धरली. आपण ओढीत नाहीं, असें मुलानें अदबीनें सांगितलें. नील यांनीं हंसत हंसत त्याला लबाड म्हटलें आणि सिगारेट घ्यावयास लाविली. मुख्याध्यापक म्हणजे फसविण्याचा मनुष्य, ही त्या मुलाची समजूत त्यांना पहिल्याच भेटींत मोडावयाची होती. उपाय धाडसाचा खरा, आणि आज कोणताही शहाणा शिक्षक तो करणार नाहीं. पण त्यांतील निदान चुकीचें नव्हतें. सिगारेटीहून खोलवर गेलेला रोग होता तो खोटेपणाचा.

परंतु याच नील यांनीं एकदां सभेपुढें ठराव मांडला कीं, सोळा वर्षांखालील कोणीही धूम्रपान करूं नये. तंबाखू हें विष आहे. मुलांना त्याची खरी ओढ नसते, मोठें दिसण्याची हौस असते, असें त्यांचें प्रतिपादन होतें. उलट बाजूनेंही भाषणें झालीं. मतें घेतलीं, आणि नील मोठ्या बहुमतानें हरले. लगेच एका सोळा वर्षांच्या मुलानें बारा वर्षांखालील मुलांपुरती बंदी सुचविली. ती मात्र मंजूर झाली. कथा येथें संपली असती, तर तिचें एवढें महत्त्व नव्हतें. पुढच्याच आठवड्यांत एक बारा वर्षांचा मुलगा उभा राहिला. कडक शाळांतील पोरांप्रमाणें आम्हीही आतां संडासांत लपून सिगारेटी ओढूं लागलों आहोंत, आणि हें या शाळेच्या तत्त्वालाच सोडून आहे, असें त्यानें निर्भयपणें सांगितलें. टाळ्या पडल्या आणि नियम रद्द झाला.

या मुलाच्या बोलण्याची किंमत कळण्यास आपल्याकडील एक उदाहरण पुरेसें आहे. बारातेरा वर्षांच्या वयांत राजकोटला गांधीजी आणि त्यांचे एक नातलग यांना हाच नाद लागला होता. काकांनीं टाकलेलीं विड्यांचीं थोटकें ते वेंचीत. तीं पुरेनात, तेव्हां नोकराच्या खिशांतील पैसे चोरीत. वडीलधाऱ्यांच्या परवानगीवांचून कांहींच करतां येत नाहीं, हें पारतंत्र्य दोघांना इतकें असह्य झालें कीं, त्यांनीं आत्महत्येचा निश्चय करून धोत्र्याचें बीं आणलें आणि देवळांत दर्शन घेऊन एकांत गांठला. दोनचार बिया गिळल्यावर धीर सुटला. हें सर्व चाललें असतां घरांत कोणालाही पत्ता नव्हता. छडी नव्हती, चौकशी नव्हती; होतें तें केवळ एकाकीपण. समरहिलच्या मुलाला सभा होती. राजकोटच्या मुलांना धोत्र्याचें बीं आठवलें. पुढें पंधराव्या वर्षीं दुसऱ्या एका चोरीची कबुली गांधीजींनीं चिठ्ठी लिहून वडिलांना दिली. वडिलांच्या डोळ्यांतून अश्रू आले आणि त्यांनीं ती चिठ्ठी फाडून टाकली. तो प्रसंग गांधीजी जन्मभर विसरले नाहींत. १९१० सालीं दक्षिण आफ्रिकेंत टॉल्स्टॉय फार्मवर मुलांना शिकवितांना, शिक्षक स्वतः जसा असेल तसाच धडा मुलें घेतात, हें सूत्र त्यांनीं धरलें.

या कसोटीवर नील यांचीही एक उणीव दिसते. ते स्वतः पाइप ओढीत. विषाविरुद्ध बोलणाऱ्याच्या तोंडीं तेंच विष असेल, तर मुलें त्याच्या विरुद्ध मत देतील यांत नवल काय? शिवाय विष हें बहुमतानें अमृत होत नाहीं. डॉल आणि हिल या संशोधकांनीं १९५० सालीं सिगारेटचा आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध दाखविला. १९६२ सालीं लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनें त्यावर मोहोर उठविली. भारतांत २००३ च्या कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकण्यास आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आंत ती विकण्यास बंदी केली. इंग्लंडनेंही २००७ सालीं वयाची मर्यादा सोळावरून अठरावर नेली. हें योग्यच झालें. दुकानदाराशीं सभा भरवून वाद घालावयाचा नसतो. त्याला कायदाच पाहिजे.

पण कायद्याची हद्द दुकानाशीं संपते. घराचा आणि शाळेचा उंबरठा ओलांडला कीं, तेथें दुसरी सत्ता लागते. नील १९७३ सालीं निवर्तले. समरहिल आजही चालू आहे. त्यांच्या त्या सभेंतील नियम अनुकरणीय नव्हता. अनुकरणीय होता तो बारा वर्षांचा मुलगा, आणि ज्या शाळेंत तो उभा राहूं शकला ती हवा. आपण लपून काय करतों, हें चारचौघांत सांगण्याचें धैर्य ज्या मुलाच्या अंगीं आलें, त्याला व्यसनाचा धोका समजावून सांगतां येतो. जो मुलगा दाराआडच बसून राहिला, त्याच्यापर्यंत उत्तमांतला उत्तम उपदेशही पोंचत नाहीं.