स्वतःची चूक मोजणारा विवर्धक

हेडफोनसाठी लागणारा विवर्धक, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, हे तसे साधे उपकरण आहे. एक-दोन आयसी, दोन-चार ट्रान्झिस्टर, काही रोधक आणि कपॅसिटर एवढ्यावर त्याचे काम भागते. म्हणूनच इलेक्ट्रॉनिक्सचा छंद असलेली मंडळी तो उघडून त्यात फेरफार करतात. कोणी आयसी बदलतो, कोणी ट्रान्झिस्टरची जोडी वाढवतो, कोणी एखादा रोधक काढून टाकतो. मग हेडफोन कानाला लावून सांगतात, "आता आवाज स्वच्छ झाला!" खरोखरच झाला का? आणि झाला असेल तर कशामुळे? या प्रश्नांचे उत्तर शोधायचे तर जवळजवळ शंभर वर्षे मागे जावे लागते. त्या इतिहासाची सुरुवात मात्र संगीतापासून नव्हे, तर दूरध्वनीपासून होते.

तारेवरचा आवाज

१९१५ साली न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को ही दूरध्वनी सेवा सुरू झाली. सुमारे साडेपाच हजार किलोमीटर लांबीच्या तारेत आवाज क्षीण होत जाई, म्हणून वाटेत निर्वात नलिकांचे विवर्धक बसवावे लागले. पण नलिका आवाज नुसता मोठा करत नाही, थोडा बिघडवतेही. मूळ लहरीत नसलेल्या वारंवारता त्यात मिसळतात. यालाच विकृती म्हणतात. एका विवर्धकाची विकृती कानाला खटकत नाही. पण असे अनेक विवर्धक एकामागून एक जोडले की प्रत्येकाची चूक पुढच्याकडे जाते आणि साचत राहते. एकाच तारेवरून अनेक संभाषणे पाठवायची तर अडचण आणखी वाढते, कारण विकृतीमुळे एका संभाषणाचा अंश दुसऱ्यात शिरतो.

हॅरॉल्ड ब्लॅक हा तरुण अभियंता १९२१ साली वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत लागला. त्याच्या विभागातूनच १९२५ साली बेल प्रयोगशाळा उभी राहिली. सगळ्यांचा प्रयत्न अधिक चांगली नलिका बनवण्याचा होता. ब्लॅकने प्रश्नच बदलला. नलिका सदोष असणारच असे धरून चालले, तर तिचा दोष बाहेर पडण्यापूर्वी वजा करता येईल का, असा विचार त्याने सुरू केला.

२ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी तो न्यू जर्सीहून मॅनहॅटनला फेरीबोटीने कामावर निघाला होता. वाटेत त्याला उत्तर सुचले. हातातल्या 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पानावर त्याने आकृती काढली, समीकरणे लिहिली आणि प्रयोगशाळेत पोहोचताच त्यावर साक्षीदाराची सही घेतली. कल्पना अशी: बाहेर पडणाऱ्या आवाजाचा ठरावीक छोटा अंश परत प्रवेशाकडे आणायचा आणि आत येणाऱ्या मूळ आवाजातून वजा करायचा. दोघांत जो फरक उरेल तोच विवर्धकाला द्यायचा. म्हणजे विवर्धक आपले काम मूळ प्रतीशी सतत ताडून पाहतो आणि चूक दिसली की उलट दिशेने दुरुस्ती करतो. यालाच निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे ऋण फीडबॅक, म्हणतात.

हे वर्गात फळ्यावर सहज दाखवता येते. समजा, मूळ विवर्धक १,००० पट विवर्धन करतो आणि त्याच्या निर्गमाचा एक दशांश भाग आपण परत आणतो. तर एकूण विवर्धन १,००० भागिले (१ + १००), म्हणजे सुमारे ९.९ पट होते. आता नलिका जुनी होऊन मूळ विवर्धन निम्म्यावर, म्हणजे ५०० वर आले असे समजा. तरी एकूण विवर्धन ५०० भागिले ५१, म्हणजे सुमारे ९.८ पट! आतली क्षमता निम्मी झाली, पण बाहेर फरक पडला जेमतेम एक टक्का. विकृतीही याच हिशोबाने सुमारे शंभरपट कमी होते. किंमत एवढीच, की हजारपट विवर्धनातले दहापटच हाती उरते. त्याच वर्षी डिसेंबरच्या अखेरीस ब्लॅकने प्रयोगात विकृती एक लाखपट कमी करून दाखवली.

मिळवलेले विवर्धन जाणूनबुजून घालवायचे, हे त्या काळी विचित्र वाटले. १९२८ साली केलेल्या अर्जावर अमेरिकेत पेटंट मिळायला १९३७ साल उजाडले. ब्रिटिश पेटंट कार्यालयाने तर आपला अर्ज शाश्वत गतियंत्राच्या पंक्तीला बसवला, असे ब्लॅकने पुढे सांगितले आहे.

या युक्तीला एक मर्यादाही होती. फीडबॅक परत येईपर्यंत थोडा वेळ जातो. उच्च वारंवारतेला तो उशीर पुरेसा वाढला की वजाबाकीची बेरीज होते आणि विवर्धक आपोआप शीळ घालू लागतो. हे केव्हा घडेल ते ओळखण्याचा नियम हॅरी नायक्विस्टने १९३२ साली मांडला.

विवर्धक घरी येतो

ही कल्पना संगीताच्या छंदिष्टांपर्यंत पोहोचवली ती डी. टी. एन. विल्यमसन याने. १९४७ साली ब्रिटनच्या 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात त्याने विवर्धकाचा आराखडा प्रसिद्ध केला. १५ वॉट शक्तीला त्याची विकृती ०.१ टक्क्याहून कमी होती. अनेकांनी तो घरी बांधला. पुढे १९५१ साली अमेरिकेत डेव्हिड हॅफ्लर आणि हर्बर्ट केरोस यांनी शेवटच्या नलिकांची एक जोडणी बदलून ती निर्गम ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यातून मध्येच काढलेल्या टोकाला दिली. लगेच १९५२ साली विल्यमसनच्या विवर्धकात हा फेरफार कसा करावा तेही त्यांनी लिहिले. तयार उपकरणात सुधारणा करण्याच्या छंदाचे हे एक जुने आणि चांगले उदाहरण.

हेडफोनचे गणित

१९५८ साली जॉन कॉस याने स्टिरिओ हेडफोन आणला, १९७९ साली सोनीचा वॉकमन आला आणि संगीत कानाला चिकटले. हेडफोनचा विवर्धक हा मोठ्या विवर्धकाची लहान प्रत नव्हे. त्याच्या अडचणी वेगळ्या आहेत.

३२ ओहमच्या हेडफोनला एक मिलिवॉट शक्ती पुष्कळ होते. तेवढ्यासाठी फक्त ०.१८ व्होल्ट दाब आणि ५.६ मिलिअँपिअर प्रवाह लागतो. पण संगीतातल्या उसळीला शक्ती शंभरपट लागू शकते. तेव्हा प्रवाह दहापट, म्हणजे ५६ मिलिअँपिअर होतो. सामान्य आयसीला हे झेपत नाही. म्हणून तिच्यापुढे ट्रान्झिस्टरची जोडी लावतात. एक ट्रान्झिस्टर लहरीचा वरचा अर्धा भाग सांभाळतो, दुसरा खालचा. मात्र सिलिकॉन ट्रान्झिस्टर सुमारे ०.६ व्होल्टपर्यंत जागाच होत नाही. हेडफोनचा एक मिलिवॉटचा आवाज तर शिखरालाही पाव व्होल्टच असतो! म्हणजे लहर नेमकी त्या झोपेच्या पट्ट्यातच राहते. उपाय असा, की दोन्ही ट्रान्झिस्टरांतून आधीपासूनच थोडा प्रवाह वाहता ठेवायचा. मोठ्या विवर्धकात असा प्रवाह पुरेसा ठेवायचा तर तो तापून निघेल. हेडफोनच्या विवर्धकात ही चैन परवडते.

आयसी बदलण्यामागेही ब्लॅकचेच गणित आहे. १९६८ सालच्या ७४१ या आयसीचे विवर्धन मंद लहरींना दोन लाखांच्या आसपास असते, पण २०,००० हर्ट्झला ते सुमारे ५० वर येते. दहापट विवर्धन घेतले तर दुरुस्तीसाठी फक्त पाचपट उरते. पुढे आलेल्या ५५३२ या आयसीत त्याच ठिकाणी सुमारे ५०० विवर्धन असते, म्हणजे दुरुस्तीला पन्नासपट. हा फेरफार निश्चितच सार्थ. पण त्याहून कितीतरी वेगवान आयसी जुन्या फलकावर बसवली, तर नायक्विस्टचा नियम आडवा येतो. विवर्धक कानाला ऐकू न येणाऱ्या वारंवारतेला शीळ घालतो आणि आयसी विनाकारण तापते.

तिसरा फेरफार निर्गमाच्या रोधकाचा. पूर्वी मोठ्या विवर्धकातून हेडफोनला आवाज द्यायचा तर मध्ये रोधक घालून तो कमी करत. १९९६ सालच्या एका आंतरराष्ट्रीय मानकातही १२० ओहमचा आकडा आहे. आता समजा, हेडफोनचा अडथळा एरवी ३२ ओहम, पण खर्जातल्या एका वारंवारतेला ६४ ओहम होतो. १२० ओहममागून हेडफोनला दाबाचा ०.२१ हिस्सा मिळतो, तर त्या खर्जाला ०.३५. म्हणजे खर्ज ४ डेसिबलहून अधिक फुगतो. रोधक १ ओहमचा केला तर हाच फरक ०.१५ डेसिबलपेक्षाही कमी राहतो. गंमत म्हणजे तो फुगलेला खर्जच काही जणांना 'भरदार' वाटतो आणि रोधक काढल्यावर आवाज बिघडला अशी त्यांची तक्रार असते.

मूळ प्रतीशी ताडणे

इथेच खरा प्रश्न येतो. सुधारणा झाली हे ठरवायचे कसे? थोडा मोठा आवाज आपल्याला अधिक चांगला वाटतो. ज्या फेरफारासाठी पैसे आणि श्रम खर्च केले तो फसला असे मानायला मन तयार नसते. बेल प्रयोगशाळेतल्याच मन्सन आणि गार्डनर यांनी १९५० साली ऐकण्याच्या चाचण्यांची एक शिस्त मांडली. आधी 'अ' ऐकवायचा, मग 'ब', मग त्यांपैकीच एक, पण कोणता ते न सांगता. ऐकणाऱ्याने तो ओळखायचा. १९८२ साली डेव्हिड क्लार्क याने अशी तुलना करणाऱ्या स्विच-पेटीचे वर्णन प्रसिद्ध केले.

ही चाचणी शाळेतही करता येईल. जुना आणि सुधारलेला विवर्धक मीटरने मोजून सारख्याच दाबावर आणावेत. कोणता चालू आहे हे ऐकणाऱ्यालाही कळू नये आणि विचारणाऱ्यालाही. नाणे उडवून क्रम ठरवावा आणि १६ वेळा विचारावे. नुसत्या अंदाजाने १२ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते. त्यामुळे तेवढी आली तर फरक खरा मानायला जागा आहे. तो फरक चांगला की वाईट, हा पुढचा प्रश्न. १२ पेक्षा कमी आली तर 'फरक नाही' असे सिद्ध होत नाही, पण 'स्वच्छ झाला' हा दावा मात्र मागे घ्यावा लागतो.

ब्लॅकने विवर्धकाला जे शिकवले, तेच ही चाचणी ऐकणाऱ्याकडून करून घेते. आपले उत्तर मूळ प्रतीशी ताडून पाहायचे आणि त्यासाठी खात्रीचा थोडा वाटा सोडून द्यायची तयारी ठेवायची.