मेणावरचा ओरखडा

मूतखड्याचा इतिहास सांगायचा म्हटला की पुरुषांचाच सांगतात. मी निवृत्त सर्जन. तरुण डॉक्टरांपुढे बोलताना मुद्दाम बायकांपासून सुरुवात करते. मूत्राशयातला खडा काढताना स्त्रीच्या बाबतीत गर्भाशय शेजारी असल्याचं भान ठेवा, शस्त्र वरच्या दिशेने चालवा, नाहीतर जखमेतून लघवी गळेल, असं सुश्रुताने बजावून ठेवलंय.

मूत्रवाहिनीचं खालचं टोक त्याहून अवघड. ते गर्भाशयाच्या धमनीखालून जातं. पोट चिरून तिथे पोचायचं म्हणजे खोल विहिरीत हात घालून भांडं शोधणं. पण बाईच्या तिथल्या मोठ्या खड्याला योनीतून बोट लागू शकतं. मग योनीच्या भिंतीतूनच छेद घ्यायचा, खडा वर सटकू नये म्हणून मूत्रवाहिनी त्याच्या वरच्या अंगाला धरून ठेवायची आणि नेमका खड्यावर उभा छेद द्यायचा. पोटावर व्रण नाही. बाळंतपणं झालेल्या बाईत हे त्यातल्या त्यात सोपं जाई. तरी खडा निसटायची धास्ती असे, आणि नंतर योनीतून लघवी झिरपत राहण्याची त्याहून मोठी.

खडा आहे हे कळायचं कसं? बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले हॉवर्ड केली हे मुळात स्त्रीरोगतज्ज्ञ. 1890च्या दशकात ते बाईला गुडघे आणि छाती टेकवून ओणवी करत. मूत्रमार्गात नळी घातली की मूत्राशय हवेने आपसूक फुगे आणि आरशाने उजेड पाडला की मूत्रवाहिनीचं तोंड दिसे. त्यात टोकाला मेण लावलेली बारीक सळई सरकवायची, बाहेर काढून भिंगाखाली धरायची. मेणावर ओरखडा, तर आत खडा! ओणव्या बाईचं त्या वेळी काय होत असेल, ते वेगळंच. तरी या युक्तीपुढे मी अजून मान लववते.

पुढची उडीही बायकांच्याच अंगावर. 1978 साली शिकागोच्या एडवर्ड लायन यांनी मुलांसाठीची मूत्राशयाची दुर्बीण बायकांच्या थेट मूत्रवाहिनीत घातली. स्त्रीचा मूत्रमार्ग चारेक सेंटिमीटर, पुरुषाचा वीसेक. आखूड दुर्बीण तिच्यातच पुरी पडणार. पुरुषांसाठी लांब दुर्बीण घडवावी लागली.

आता बारीक दुर्बीण आणि लेसर आहे. योनीतून खडा काढायची कला जवळपास गेली, त्याचं मला दुःख नाही. लघवी गळते म्हणून ओसरीवर झोपणाऱ्या बायका मी पाहिल्यात. दुर्बीण आली, हे फार बरं झालं.