जुन्या छोट्या ट्रॅक्टरला रोटाव्हेटर : जोडणी, देखभाल आणि दुरुस्ती

उरण तालुक्यात १९७० च्या दशकापासून नवी मुंबई प्रकल्पासाठी आणि पुढे १९८९ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदरासाठी मोठ्या प्रमाणावर भूसंपादन झाले. तरीही पूर्वेकडील आवरे, पिरकोन, वशेणी, पुनाडे या पट्ट्यात भातखाचरे आणि नागाव-केगावच्या किनाऱ्यालगत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. खाचरे लहान, बांध अनेक आणि माती चिकट असल्याने मोठा ट्रॅक्टर येथे अडचणीचा ठरतो. अशा शेतीला १५ ते २५ अश्वशक्तीचा, बहुधा दुसऱ्या हाताने घेतलेला छोटा ट्रॅक्टर आणि त्यामागे रोटाव्हेटर सोयीचा पडतो. मात्र चिखलणीचे दिवस मोजकेच असतात. त्या काळात यंत्र बंद पडले, तर लावणी लांबते. म्हणून जोडणी आणि दुरुस्तीची कामे मृग नक्षत्रापूर्वी, मे महिन्यातच उरकणे हिताचे असते.

यंत्राची ओळख

ऑस्ट्रेलियातील आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड यांनी १९१२ मध्ये फिरत्या पात्यांनी मशागत करण्याचे प्रयोग सुरू केले. त्यातूनच आजचा रोटाव्हेटर विकसित झाला. ट्रॅक्टरच्या मागील पीटीओ शाफ्टची शक्ती क्रॉस असलेल्या जोडशाफ्टमधून यंत्राच्या गिअर बॉक्सला मिळते. तेथून बाजूच्या साखळीने किंवा गिअरने पात्यांचा रोटर फिरतो. पाती चाकांच्याच दिशेने फिरत असल्याने यंत्र ट्रॅक्टरला पुढे ढकलते.

खरेदीपूर्वी मोजमाप

जुन्या ट्रॅक्टरला जुना रोटाव्हेटर घेताना चार गोष्टी पाहाव्यात. पीटीओचा वेग मिनिटाला ५४० फेरे असावा आणि शाफ्टला सहा खाचा असाव्यात. उचलयंत्रणेच्या खालच्या दोन्ही हातांच्या बोळ्या यंत्राच्या पिनांना बसतात का, हे पाहावे. १५ ते २० अश्वशक्तीला साधारण ८० सेंटिमीटर ते १ मीटर रुंदीचे यंत्र पुरते. रुंदी वाढवली की जुन्या इंजिनवर ताण येतो. शेवटी, यंत्राची रुंदी मागील चाकांच्या बाहेरील कडा झाकते का, हे तपासावे. तसे नसल्यास मशागत झालेल्या जमिनीवर चाकांचे चर राहतात.

जोडशाफ्टची लांबी

जोडणीतील सर्वाधिक चुका येथे होतात. यंत्र तीन बिंदूंवर जोडून हळूहळू वर-खाली करावे आणि ट्रॅक्टर व गिअर बॉक्स यांच्यातील अंतर कोठे सर्वांत कमी व कोठे सर्वांत जास्त होते, ते मोजावे. कमीत कमी अंतरावरही शाफ्टच्या नळ्या एकमेकींच्या तळाला टेकता कामा नयेत. किमान २ ते ३ सेंटिमीटर जागा राहावी. नळ्या टेकल्या, तर उचलताना पीटीओचे बेअरिंग किंवा गिअर बॉक्स फुटतो. जास्तीत जास्त अंतरावर नळ्या एकमेकींत किमान एक तृतीयांश लांबीइतक्या गुंतलेल्या असाव्यात.

शाफ्ट लांब असल्यास आतील व बाहेरील नळी आणि त्यांवरील प्लास्टिकचे संरक्षक आवरण सारख्याच मापाने कापावे, कडा कानसाने साफ कराव्यात आणि ग्रीस लावावे. दोन्ही टोकांच्या आतील काट्यांची दिशा एकाच रेषेत असावी. ती चुकल्यास शाफ्ट थरथरतो आणि क्रॉस लवकर झिजतात. वरच्या दांड्याची लांबी अशी ठेवावी, की काम करताना गिअर बॉक्सचा शाफ्ट पीटीओला समांतर राहील. बाजूच्या साखळ्या ताणून यंत्राची डावी-उजवी हालचालही रोखावी.

जुन्या ट्रॅक्टरची खास अडचण

अनेक जुन्या छोट्या ट्रॅक्टरांत चाके आणि पीटीओ एकाच क्लचवर चालतात. क्लच दाबला तरी फिरत्या रोटरचा वेग उलट्या वाटेने गिअरमध्ये येतो आणि ट्रॅक्टर पुढे सरकतच राहतो. बांधाच्या कडेला ही गोष्ट जिवावर बेतू शकते. त्यावर उपाय म्हणजे पीटीओवर बसणारे, एकाच दिशेने शक्ती देणारे ओव्हररनिंग कपलिंग. मात्र त्यामुळे पीटीओची लांबी वाढते. म्हणून ते बसवल्यानंतर जोडशाफ्ट पुन्हा मोजणे आवश्यक असते.

पाती

रोटरवर डावी आणि उजवी पाती ठरावीक क्रमाने नागमोडी मांडलेली असतात, त्यामुळे सर्व पाती एकाच वेळी जमिनीवर आदळत नाहीत. बदलताना एका वेळी एकच पाते काढून नवे बसवावे. सगळी एकदम काढल्यास क्रम बिघडतो आणि यंत्र थरथरते. पात्याची धारदार कड आधी मातीला भिडली पाहिजे. दोन्ही टोकांवरील पाती आतल्या बाजूला वळलेली असावीत. बोल्ट उच्च ताण सहन करणारे घ्यावेत आणि कामाच्या पहिल्या तासाभरानंतर पुन्हा घट्ट करावेत. मोडलेले पाते वेल्डिंग करून वापरू नये. उष्णतेने त्याचा कडकपणा बिघडतो आणि फिरताना तुटून उडण्याचा धोका राहतो.

गिअर बॉक्स आणि खारे पाणी

गिअर बॉक्समध्ये ९० क्रमांकाचे गिअर ऑइल पातळीच्या खुणेपर्यंत असावे. ऑइल दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले आहे, असे समजावे. त्याचे कारण बहुधा रोटरच्या टोकाचे ऑइल सील असते. गवत, दोरी किंवा प्लास्टिक गुंडाळले जाऊन ते फाटते. सील बदलताना शाफ्टवर खाच पडली आहे का, ते पाहावे. खाच असेल तर नवे सीलही टिकत नाही. शाफ्टवर बाही चढवून घ्यावी.

खारजमिनीत सीलवरचा ताण अधिक असतो. पहिल्या पावसाने क्षार धुतले जाऊन उघाडीवाटे बाहेर गेल्यानंतरच चिखलणी करावी. ते पिकासाठी आवश्यक आहे आणि यंत्रासाठीही उपयुक्त. दररोज काम संपल्यावर यंत्र गोड्या पाण्याने धुवावे, क्रॉसला ग्रीस भरावे आणि नळ्या सुट्या करून पुसाव्यात. हंगामानंतर शाफ्टच्या नळ्या गंजून एकमेकींत अडकल्या, तर पुढील वर्षी त्या सरकत नाहीत आणि यंत्र उचलताच गिअर बॉक्सवर घाव बसतो.

सुरक्षितता

मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला ९. टॉवेल, लुंगी किंवा साडीचा पदर शाफ्टला लागला, तर हात मागे घेण्याएवढाही वेळ मिळत नाही. जुन्या यंत्रांवरील शाफ्टचे आवरण बहुधा फुटलेले किंवा काढून टाकलेले असते; नव्या पात्यांआधी ते विकत घ्यावे. गुंतलेले गवत काढण्यापूर्वी इंजिन बंद करून चावी काढावी आणि उचललेल्या यंत्राखाली भक्कम लाकडी ठोकळा द्यावा. रोटर फिरत असताना ट्रॅक्टर मागे घेऊ नये. बांधाशी वळताना पीटीओ बंद करावा. यंत्र जुने असणे हा दोष नव्हे. मात्र मोजमापाशिवाय जोडलेले आणि आवरणाशिवाय चालवलेले यंत्र नवे असले तरी धोक्याचेच असते.